खाडीच्या पाण्यावर सर्स करताना: आधी मीठ मोजा, मग शिखर

सर्स म्हणजे चांदीच्या सूक्ष्म कणांवर बसलेल्या रेणूचा, लेझरने मिळणारा क्षीण रामन सिग्नल अनेकपट वाढवून तो रेणू ओळखण्याची पद्धत. डिस्टिल्ड पाण्यात मॅलाकाइट ग्रीन हा रंग, चांदीचं कोलॉइड (पाण्यात तरंगणारे ते सूक्ष्म कण), ७८५ नॅनोमीटरचा लेझर, आणि आलेखावर १६१७ प्रति सेंमीला ताठ उभं शिखर. इथवर सगळेच पोचतात. तीच सामग्री ऐरोलीच्या खाडीकाठी नेली की दर वेळी आकडा वेगळा येतो. बिघाड यंत्रात शोधू नका, तो बहुतेक वेळा मिठात असतो.

कोलॉइडबद्दल थोडक्यात. ली आणि मायझेल यांची १९८२ ची कृती अजूनही पुरेशी आहे: ९० मिलिग्रॅम सिल्व्हर नायट्रेट ५०० मिली पाण्यात उकळवा, १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेटचं १० मिली द्रावण थेंबथेंब सोडा, जोरात ढवळत तासभर उकळत ठेवा. हिरवट-पिवळा रंग यावा, शोषणाचं शिखर ४२० नॅनोमीटरच्या आसपास. सिल्व्हर नायट्रेट टाकताच पांढुरका गढूळपणा दिसला तर पाण्यात क्लोराइड आहे. ती बॅच फेकाच. काचसामान ॲक्वा रेजियाने (तीव्र नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणाने) धुवा, फ्यूम हुडमध्ये, ताजं बनवून. उरलेलं बाटलीत झाकून ठेवू नका. चांदीचे कण आधीच बसवलेल्या तयार पट्ट्या विकत घेऊन शिकायला माझा विरोध आहे. पट्टीवर सिग्नल आला नाही तर कारण शोधायला हातात काहीच उरत नाही.

आता मुख्य सापळा. चांदीचे कण सायट्रेटच्या ऋण भारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. मीठ घातलं की तो भार झाकला जातो, कण जवळ येतात, आणि त्यांच्या फटीत अडकलेल्या रेणूचा सिग्नल प्रचंड वाढतो. मीठ आणखी वाढलं की गुठळ्या होऊन कण तळाशी बसतात, सिग्नल कोसळतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण १९ ग्रॅम क्लोराइड असतं. ठाणे खाडीत ते भरती-ओहोटीने आणि ऋतूनुसार बदलतं. म्हणजे मे महिन्यात कोलॉइड काही क्षणांत राखाडी होतं आणि जुलैत, नाल्यांचं पावसाळी पाणी मिसळल्यावर, ते तसंच पिवळं राहू शकतं. दोन्ही वेळा शिखर लहान. त्यावरून ‘पावसाळ्यात खाडीतला रंग कमी झाला’ असं लिहिलंत, तर तुम्ही प्रदूषण मोजलं नाही, खारटपणा मोजला.

याहून बारीक गोष्ट क्रमाची आहे. प्रयोगशाळेत आपण आधी रंग घालतो, तो चांदीला चिकटतो, मग मीठ. खाडीच्या पाण्यात रंग आणि मीठ एकाच वेळी येतात. कण रंग बसायच्या आत गोळा होतात. शिवाय कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडियमपेक्षा कितीतरी कमी मात्रेत गुठळ्या करतात, आणि ह्युमिक आम्लं (कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणारी) कणांवरची जागा अडवतात. म्हणून डिस्टिल्ड पाण्यावरची कॅलिब्रेशन रेषा (शिखराच्या उंचीवरून मात्रा सांगणारी) इथे लावायचीच नाही, ती कितीही सरळ असो.

उपाय कॉलेजच्या प्रयोगशाळेतही जमतो. नमुना गाळा, पहिले काही मिली टाकून द्या, आणि फिल्टर रंग शोषतो का ते ज्ञात द्रावणावर आधी तपासा. नायलॉन इथे हमखास दगा देतो. मोहर टायट्रेशनने (सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब घालून) क्लोराइड किती आहे ते काढा. पातळ करून किंवा मीठ घालून ते लिटरमागे २५ मिलिमोलवर आणा. पाच कुप्यांत प्रत्येकी ४५० मायक्रोलिटर घ्या. पहिलीत ५० मायक्रोलिटर डिस्टिल्ड पाणी, बाकीच्यांत तेवढ्याच आकारमानात रंगाचं वाढत्या, ज्ञात मात्रेचं प्रमाण द्रावण. शेवटी प्रत्येकीत ५०० मायक्रोलिटर कोलॉइड, आणि मिसळल्यापासून ठरलेल्या सेकंदाला नोंद, उदाहरणार्थ १२० व्या. घातलेली मात्रा क्ष-अक्षावर आणि शिखराची उंची य-अक्षावर मांडा; रेषा मागे वाढवून क्ष-अक्षाला जिथे छेदते, तिथून मूळ मात्रा मिळते. पातळ केल्याचा गुणक लावायला विसरू नका. वीसपट पातळ केलं तर शोधमर्यादाही वीसपट बिघडते; ती परवडत नसेल तर सी-१८ कार्ट्रिजवर (सेंद्रिय रेणू धरून ठेवणाऱ्या नळीवर) १०० मिली नमुना ओढून, मीठ धुऊन, १ मिली मिथेनॉलमध्ये उतरवा. तेव्हा प्रमाण द्रावणंही त्याच वाटेने न्या.

हे वाचून धीर सोडू नका. रसायन एकदा हाताला बसलं की बाकीचं सोपं आहे: दर ठिकाणी पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचं १००१.४ प्रति सेंमीचं शिखर जागेवर आहे का ते तपासा, कारण उन्हात यंत्र सरकतं. कुपीवर काळं कापड टाका. कमी मात्रेकडून जास्तीकडे जा आणि शेवटी पुन्हा ब्लँक (रंग नसलेला नमुना) घ्या, कारण मॅलाकाइट ग्रीन काचेला चिकटतो. ७८५ चा प्रकाश डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण इजा पूर्ण करतो. त्या तरंगलांबीचाच चष्मा लावा.

तळोज्याच्या कासाडी नदीत शिसं-पारा थेट दिसेल या आशेवर प्रकल्प लिहू नका. सुट्या धातू-आयनाला स्वतःचं कंपन नसतं. त्याला पकडणारा रेणू कणावर बसवावा लागतो, आणि ते वेगळं काम आहे. थायरम या बुरशीनाशकापासून सुरुवात करा. त्यातलं गंधक चांदीला घट्ट धरतं आणि १३८० चं शिखर ठळक येतं. सर्वात उंच आलेख मागणाऱ्या गाईडपेक्षा दहा ब्लँक मागणारा गाईड निवडा. शोधमर्यादा त्या ब्लँकच्या विचलनातूनच निघते.

नमुना घेतानाच त्याचे दोन भाग करा. दुसरा गडद काचेच्या बाटलीत ४ अंशांवर, लेबलावर भरतीची वेळ आणि क्लोराइड लिहून ठेवा. शिखर दिसलं तर तोच खात्रीसाठी एलसी-एमएसला (रेणू वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राला) पाठवायचा आहे.