लॅटिनची परीक्षा द्यायची? आधी या चुका टाळा

मी लॅटिन शिकवते, त्यामुळे सप्टेंबर उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. इथे न्यू जर्सीत ज्या मराठी घरांतली मुलं शाळेत लॅटिन घेतात, त्यांच्या आईबाबांचा प्रश्न ठरलेला: "मावशी, कॉलेजच्या अर्जासाठी लॅटिनची परीक्षा देऊ दे का?" मी विचारते, कुठली परीक्षा? की पलीकडे शांतता.

मागे एका बाबांनी भाच्याचं जुनं पुस्तक मुलाला दिलं. एसएटी सब्जेक्ट टेस्टचं, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठी एकेका विषयाची जी परीक्षा असायची तिचं. पोराने उन्हाळाभर इमानदारीत सगळं सोडवलं. ती परीक्षा कॉलेज बोर्डाने, म्हणजे ती घेणाऱ्या संस्थेनेच, अमेरिकेत जानेवारी 2021 मध्येच बंद केली होती. आता उरली एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) लॅटिन, म्हणजे शाळेतच द्यायची कॉलेजच्या पातळीची परीक्षा, मे महिन्यात होणारी, 1 ते 5 गुणांची. तिचाही अभ्यासक्रम 2025-26 पासून बदलला आहे: नेमलेल्या रोमन लेखकांपैकी सीझर गेला, पत्रं लिहिणारा धाकटा प्लिनी आला, कवी व्हर्जिल तेवढा जागेवर आहे. तेव्हा फुकट मिळालेली जुनी पुस्तकं आधी उघडून बघा.

दुसरी चूक आपण तिकडून बॅगेत भरून आणलेली आहे. "लॅटिन स्कोअरिंग असतं ना? आम्ही दहावीला संस्कृत घेतलं होतं, शंभरापैकी सत्त्याण्णव!" अहो, ते सत्त्याण्णव कसे आले ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. रूपं घोकली, भाषांतरं पाठ केली, पेपर लिहिला. त्यावर हल्ली आणखी एक तर्क ऐकते: स्पॅनिशला घरी स्पॅनिश बोलणारी मुलं स्पर्धेत असतात, लॅटिन कुणाच्याच घरी बोलत नाहीत, म्हणजे सोपं. पण चार-चार वर्षं टिकून राहिलेली चिवट पोरंच या परीक्षेला बसतात, हे कुणी लक्षात घेत नाही. संस्कृतचा उपयोग होतो, तो वेगळ्या जागी. विभक्ती म्हणजे काय हे मुलाला समजावावं लागत नाही. आपली तृतीया, पंचमी आणि सप्तमी लॅटिनमध्ये बहुतेक एकाच विभक्तीत कोंबली आहेत एवढं सांगितलं की अर्धी लढाई सरते. द्विवचन नाही हे कळल्यावर तर पोरं टाळ्या वाजवतात.

आता माझी सगळ्यात नावडती चूक: व्हर्जिलचं इंग्रजी भाषांतर पाठ करणं. माझ्याकडे एक मुलगा यायचा. हुशार, पण भयंकर घाईचा. नेमलेल्या ओळींचं भाषांतर त्याने मनाच्या श्लोकांसारखं तोंडपाठ केलं होतं. सराव परीक्षेत मी व्हर्जिलच्या 'इनीड' महाकाव्याच्या दुसऱ्या सर्गातला, ग्रीकांनी ट्रॉयला फसवायला ठेवलेल्या लाकडी घोड्याचा उतारा दिला आणि मुद्दाम तो वाक्याच्या मध्येच तोडला. पठ्ठ्याने आधीच्या दोन ओळी लिहिल्या, पुढच्या तीनही लिहिल्या. कागदावर नसलेल्या ओळींचं उत्तम भाषांतर! मग मी त्याला 'तिमेओ दानाओस एत दोना फेरेन्तेस' एवढंच विचारलं. ग्रीक भेटी घेऊन आले तरी मला त्यांची भीती वाटते, हे त्याने खडाखडा सांगितलं. 'एत' म्हणजे 'आणि' ना, मग इथे 'तरी' कुठून आलं? गप्प. 'फेरेन्तेस' कुणाचं विशेषण? गप्प. एपीला शब्दाला धरून केलेलं भाषांतर लागतं, शिवाय न वाचलेले उतारेही येतात. तिथे पाठांतर काय कामाचं? त्या दिवसापासून माझ्याकडे छापील भाषांतराला बंदी आहे. वहीत डावीकडे लॅटिन, उजवीकडे स्वतःचं मोडकंतोडकं इंग्रजी, आणि क्रियापदाखाली लाल रेघ. वेळ लागतो. लागू दे.

बारावीत पहिल्यांदा एपी देणाऱ्यांसाठी एवढंच: निकाल जुलैत लागतो, प्रवेश मार्चअखेरपर्यंत ठरलेले असतात. कॉलेजात गेल्यावर क्रेडिट (तो विषय झाल्याचं धरून मिळणारे श्रेयांक) मिळालं तर मिळेल, प्रवेशाला उपयोग शून्य. अर्जात गुण दाखवायचे असतील तर अकरावीत द्या.

नववी-दहावीच्या मुलांना नॅशनल लॅटिन एक्झाम पुरे. पदक मिळालं तर आजीला फोटो पाठवा.

शाळेत एपी लॅटिन नसेल तर परीक्षेला बसू देणारी दुसरी शाळा स्वतः शोधावी लागते. ते काम नोव्हेंबरच्या नोंदणीआधीच करायचं, मार्चमध्ये मला फोन करून नाही.

आणि द्यावी की नाही? मी मुलाला न वाचलेल्या दहा ओळी देते, वीस मिनिटं देते आणि चहा ठेवायला आत जाते. परत येईपर्यंत त्याने क्रियापदं शोधून कर्ता-कर्म जुळवायला घेतलं असेल, अर्थ अर्धाच लागला असला तरी, तर नाव नोंदवा म्हणते. फोन काढून भाषांतर शोधत बसला असेल तर चहा देते आणि आईला सांगते, यंदा शंभर डॉलर वाचवा.