पी-जीपी पंप खरंच चालतोय का, रोडामिनने कसं बघायचं

पी-ग्लायकोप्रोटीन (पी-जीपी) म्हणजे पेशीच्या पडद्यात बसलेला पंप, डॉक्सोरुबिसिन नाहीतर पॅक्लिटॅक्सेलसारखं कॅन्सरचं औषध आत शिरलं की एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून परत बाहेर फेकतो. १९७६ ला जुलियानो आणि लिंग यांना टोरोंटोत हॅमस्टरच्या पेशींवर हा सापडला, माणसातला जीन एबीसीबी१. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन वजनानुसार वेगळं करून ओळखायची चाचणी) १७० केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनचं वजन) आसपास झकास बँड आला की आपण खुश, पण बँड एवढंच सांगतो की पंप तिथे आहे, चालू आहे का बंद पडलाय ते नाही.

तर रेझिस्टंट (औषधाला न जुमानणारी) आणि ती जिच्यापासून बनवली ती मूळ, दोन्ही सेल लाइन (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) घ्या. डॉक्सोरुबिसिनमध्ये वाढवलेल्या असतील तर आधी काही दिवस बिना औषधाच्या मीडियात (पेशी वाढवायचा द्रव) ठेवा, कारण ते औषध स्वतःच लाल-नारिंगी चमकतं आणि मग काय बघतोय तेच कळत नाही. प्रत्येक लाइनच्या तीन ट्यूब: बिना डाय, डाय, डाय अधिक व्हेरापामिल. डाय म्हणजे रोडामिन १२३, हिरवा चमकणारा रंग, पंप चालू असेल तर औषधासारखाच तोही बाहेर फेकला जातो. हो, व्हेरापामिल म्हणजे तेच बीपीचं औषध, पंप अडवतं. ते डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल तर बाकीच्या ट्यूबमध्येही तेवढंच डीएमएसओ टाका, हे सगळे विसरतात.

रोडामिन १२३ साधारण ०.५ मायक्रोग्रॅम प्रति एमएल, ३७ डिग्रीला अर्धा तास, ट्यूब फॉइलमध्ये गुंडाळून. गार पीबीएसने (पेशी धुवायचं खारं बफर) धुवा, मग डाय नसलेल्या कोमट मीडियात तासभर सोडा, व्हेरापामिलवाल्या ट्यूबमध्ये आत्ताही व्हेरापामिल हवंच. नंतर लगेच बर्फात. पंप गारठला की थांबतो, सगळा खेळ त्यावरच आहे. मी एकदा फ्लो मशीनच्या (फ्लो सायटोमीटर, एकेका पेशीची चमक मोजतं) लाइनीत उभा राहिलो, डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं, आणि शेवटच्या ट्यूबमधल्या साध्या पेशीसुद्धा रेझिस्टंट दिसायला लागल्या, दोन दिवस मला वाटत होतं काहीतरी नवीन सापडलंय!

मशीनवर ४८८ नॅनोमीटरचा लेझर, हिरवा चॅनल, मेलेल्या पेशी पीआय (फक्त मेलेल्या पेशीत शिरणारा रंग) टाकून बाजूला काढा. रेझिस्टंट पेशींचा पीक डावीकडे (म्हणजे चमक कमी) आणि व्हेरापामिलने तोच उजवीकडे सरकला तर पंप चालू. सरकलाच नाही आणि पेशी तरी औषधाला दाद देत नसतील तर एबीसीजी२ हा दुसरा पंप तपासा, साधा एबीसीजी२ रोडामिन १२३ ला हात लावत नाही, त्याला डाय म्हणून फिओफॉर्बाइड आणि अडवायला केओ१४३ लागतं.