जुन्या हत्या-खटल्याचा निकाल नव्या पुराव्यावर पुन्हा उघडता येईल का, हे कसे तपासावे

साताऱ्यात गांधीहत्येचा विषय निघाला की बोलणे अठ्ठेचाळीसच्या जळितापर्यंत, म्हणजे हत्येनंतर ब्राह्मणांची घरे जाळली गेली तिथपर्यंत, जातेच, आणि ज्यांच्या घराने ती झळ सोसली त्यांना या खटल्यातील प्रत्येक नवा दावा जवळचा वाटतो. गेल्या वर्षी एक विद्यार्थी माझ्याकडे असेच एक पिवळे पडलेले कात्रण घेऊन आला. त्यात चार गोळ्या झाडल्याचा उल्लेख होता; खटल्यात तीनच गोळ्या नोंदलेल्या आहेत. वरचा तारखेचा कोपरा मात्र फाटलेला होता.

अशा वेळी पुराव्याच्या आधी निकालपत्र वाचावे आणि दोषसिद्धी नेमकी कशावर उभी आहे ते शोधावे. लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल दिल्यावर नथुराम गोडसेने अपील केले ते कटाच्या निष्कर्षाविरुद्ध. खुनाची दोषसिद्धी त्याने आव्हानित केलीच नाही. म्हणून चौथी गोळी उद्या सिद्ध झाली, तरी तिच्यामुळे दुसऱ्या मारेकऱ्याचा प्रश्न उभा राहील, गोडसेची दोषसिद्धी कोसळणार नाही. माझ्या मते नव्या पुराव्याची खरी कसोटी हीच आहे, आणि उत्साहाच्या भरात नेमकी तीच राहून जाते.

त्यानंतर कागदाकडे वळावे. बातमीदाराने गोळीबार स्वतः पाहिला होता की कोणाकडून ऐकला, मूळ दस्तऐवज आजवर कोणाच्या ताब्यात होता आणि तो खटल्याच्या वेळीच हजर करता आला असता का, याची उत्तरे मिळाली नाहीत तर ऐकीव माहितीपलीकडे हाती काही उरत नाही.

कायद्याची दारे थोडी आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०३ नुसार सही झालेला निकाल लेखनदोष वगळता बदलता येत नाही, आणि कलम ४३२ खालील जादा पुरावा अपील चालू असतानाच घेतला जातो. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर पुनर्विलोकन आणि ते फेटाळले गेल्यास क्युरेटिव्ह याचिका, म्हणजे अन्याय दुरुस्त करण्यासाठीची शेवटची याचिका, करता येते. ब्रिटनमध्ये जुन्या दोषसिद्धी तपासणारा स्वतंत्र आयोग १९९७ पासून आहे. १९५३ मध्ये फाशी गेलेल्या डेरेक बेंटलीची दोषसिद्धी तिथल्या अपील न्यायालयाने १९९८ मध्ये रद्द केली. आपल्याकडे असा आयोग नाही, आणि तो असायला हवा असे मला मनापासून वाटते.

साताऱ्याची प्रकरणे आता मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जात असली, तरी दिल्लीत चाललेला हा खटला तिथे नेता येणार नाही. तो पुन्हा उघडण्याचा प्रयत्न सर्वोच्च न्यायालयात झालेला आहे: न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र (न्यायालयाला साहाय्य करणारा वकील) नेमून कागदपत्रे तपासून घेतली आणि मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली. नवी याचिका करू पाहणाऱ्याने तो आदेश आधी वाचावा.

कात्रणावर पेनाने काही लिहू नये, त्याला चिकटपट्टी लावू नये. ते कोणाकडून आणि केव्हा मिळाले याची नोंद वेगळ्या कागदावर सहीनिशी करावी आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील खटल्याच्या कागदांशी ते ताडून पाहावे.