रब्बी सल्ला : ज्वारीची काणी, बुरशीचे बीजाणू आणि चार ग्रॅम गंधक

उत्तरा नक्षत्र लागलं की सोलापूर जिल्ह्यात ज्वारीच्या पेरणीची लगबग सुरू होते. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा रब्बी ज्वारीचा काळ. मंगळवेढा, मोहोळ, दक्षिण सोलापूरच्या काळ्या रानांत ओल आहे तोवर तिफण फिरली पाहिजे. या गडबडीत हमखास राहून जाणारं काम म्हणजे बीजप्रक्रिया. विकतच्या पिशवीतलं बी बहुतेक वेळा औषध चोळूनच येतं. प्रश्न घरच्या मालदांडीचा, म्हणजे जुन्या ज्वारीच्या वाणाचा आहे, आणि घरचं बी राखणारे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत.

किलोला ४ ग्रॅम गंधक, तेही ३०० मेशचं म्हणजे अगदी बारीक भुकटीचं, ही शिफारस जुनीच आहे. हेक्टरी १० किलो बी धरलं तर एकराला ४ किलो बी आणि १६ ग्रॅम गंधक लागतं. एवढ्याशा भुकटीने अख्ख्या रानातली काणी, म्हणजे कणसात काळी भुकटी भरणारा बुरशीचा रोग, कशी थांबते, हे कळायचं तर बुरशीचा वंश कसा वाढतो ते आधी पाहावं लागेल.

बुरशी दोन रीतींनी वाढते. पहिल्या रीतीत गुणसूत्रांची जशीच्या तशी प्रत निघते. याला सूत्री विभाजन म्हणतात. धाग्यांच्या टोकांवर असे बीजाणू ढिगाने तयार होतात आणि वाऱ्यावर, पाण्याच्या थेंबावर पसरतात. हंगामात रोग चार दिवसांत शिवारभर होतो तो बहुधा या रीतीमुळे. दुसऱ्या रीतीत जुळणाऱ्या दोन प्रकारांचे धागे एकत्र येतात, त्यांची केंद्रकं एक होतात आणि गुणसूत्रांचे दोन संच एका पेशीत जमतात. मग अर्धगुणसूत्री विभाजन होतं. जोडीची गुणसूत्रं शेजारी येऊन आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, केंद्रक लागोपाठ दोनदा विभागतं आणि चार केंद्रकं मिळतात. प्रत्येकात एकच संच असतो आणि प्रत्येकातली मिसळ वेगळी असते.

ऊसवाल्यांना हा फरक सांगावा लागत नाही. को ८६०३२ ची कांडी लावली तर ८६०३२ च उगवतो. तुऱ्यातल्या बियापासून रोपं केली तर एकासारखं दुसरं नसतं, आणि नवे वाण त्यांतूनच निवडले जातात.

आणखी एक गोष्ट. माणसाच्या शरीरातल्या पेशींत दोन संच कायम असतात. बऱ्याच बुरशींचं आयुष्य मात्र एका संचावरच जातं. दोन संच एकत्र येतात ते थोड्या काळापुरते, आणि लगेच वेगळे होतात.

आता काणीकडे. दाणे काणी झालेल्या कणसात दाण्यांच्या जागी करड्या-पांढुरक्या पडद्याच्या पिशव्या दिसतात. आत काळी भुकटी असते. मळणीत या पिशव्या फुटतात आणि भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते. त्या भुकटीचा कण न् कण म्हणजे जाड भिंतीचा बीजाणू, आणि त्यात दोन संच एकत्र बसलेले असतात. पोत्यात तो महिनोन् महिने कोरडा पडून राहतो. पेरल्यावर बियाला ओल मिळते तशी त्यालाही मिळते. बी फुगायला लागतं त्याच सुमारास बीजाणूत अर्धगुणसूत्री विभाजन होतं, चार पेशींचा आखूड धागा बाहेर येतो आणि त्यावर एका संचाचे बारीक बीजाणू धरतात. यातला एकटादुकटा बीजाणू ज्वारीचं काही बिघडवू शकत नाही. जुळणारा जोडीदार भेटून दोघांचा एक धागा झाला, तरच तो कोंबात शिरतो. हे सगळं कोंब मातीतून वर येण्याआधी घडतं.

एकदा आत शिरला की तो शेंड्याबरोबर वर चढत जातो. पानावर ठिपका नाही, ताट पिवळं नाही. कणीस बाहेर पडेपर्यंत पत्ता लागत नाही, आणि तेव्हा कुठलीही फवारणी उपयोगाची नसते. दुकानदाराने काही सुचवलं तरी पैसे खिशातच ठेवा. गंधक चालतं ते बियाच्या सालीवर, जिथे बीजाणू बसलेला असतो आणि जिथे तो उगवणार असतो.

बी आणि गंधक झाकणाच्या डब्यात घालून डबा नीट घोळवा, दाण्याला सगळीकडून भुकटी लागली पाहिजे. नाकातोंडाला फडकं बांधा. ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत त्यानंतर, अगदी पेरणीच्या तोंडावर लावा आणि बी सावलीत सुकवा. उरलेलं बी दळणात किंवा जनावरांपुढे जाऊ देऊ नका. लांब काणी हा काणीचा दुसरा प्रकार गंधकाने थांबत नाही, कारण तिचे बीजाणू पोटरीच्या वेळी हवेतून येतात. पुढच्या वर्षीचं बी राखायचं असेल तर काणीची कणसं कापणीआधीच पिशवीत घालून तोडा आणि जाळा. ती खळ्यावर येता कामा नयेत.

हरभऱ्याच्या मर रोगाची गोष्ट उलटी आहे. तो करणाऱ्या फ्युजेरियम बुरशीत लैंगिक अवस्था आढळलेलीच नाही, सगळा कारभार नकलेवर चालतो. पण तिचे जाड भिंतीचे बीजाणू जमिनीत सहा वर्षांपर्यंत तग धरतात. म्हणून विजय, दिग्विजय यांसारखे मर रोगाला प्रतिकारक वाण घ्या, किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा लावा आणि त्याच रानात दरसाल हरभरा करू नका. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे. त्याच बियाला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशकही चोळलं तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होईल.

नान्नज, कासेगाव भागातल्या द्राक्षबागांत फळछाटणी आली आहे. केवडा, म्हणजे डाऊनी, ही शास्त्रानुसार खरी बुरशी नाही, तिचं नातं शेवाळांशी जवळचं आहे. तिच्या अंगात दोन संच कायम असतात. रात्रीच्या दमट हवेत पानाखाली पांढरी लव येते, तिच्यातून सुटलेले बीजाणू पानावरच्या पाण्यात अक्षरशः पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. त्यामुळे फवारा पानाच्या खालच्या बाजूला बसला पाहिजे. तिचे लैंगिक बीजाणू पडलेल्या पानांत तयार होतात, म्हणून छाटणीचा पालापाचोळा बागेत ठेवू नका.

औषधांच्या बाबतीत इथेच फसगत होते. डायमेथोमॉर्फ, मँडीप्रोपॅमिड आणि इप्रोव्हॅलिकार्ब ही नावं वेगळी असली तरी गट एकच. या गटाला दाद न देण्याचा गुण अप्रभावी आहे, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती तशा असल्या तरच तो दिसतो. एक प्रत लपून राहते, आणि दोन प्रती एकत्र आणण्याचं काम लैंगिक पुनरुत्पादन करतं. आज डायमेथोमॉर्फ, आठ दिवसांनी मँडीप्रोपॅमिड मारलं तर औषध बदललं असं वाटतं, पण बदललेलं काहीच नसतं. गट बदला, आणि सोबत मँकोझेबसारखं स्पर्शजन्य औषध ठेवा. निर्यातीचा माल असेल तर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी बघूनच फवारा.

डाळिंबाचं थोडक्यात. तेल्या हा जिवाणूजन्य रोग आहे. त्याच्यासाठी निव्वळ बुरशीनाशक मारणं म्हणजे खर्च वाया. मर रोगाची सेरॅटोसिस्टिस ही मात्र बुरशीच. तिला लैंगिक बीजाणूंसाठी दुसरा जोडीदार लागत नाही, आणि ते चिकट बीजाणू छाटणीच्या कात्रीवरून, खोडकिड्यांच्या अंगावरून पुढच्या झाडावर जातात. हस्त बहाराची छाटणी करताना दर झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवा. शंका आली तर केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र जवळ आहे, मुळ्या आणि माती घेऊन जा.

उसातली चाबूक काणी ज्वारीच्या काणीचीच भावकी. चाबूक दिसला की तो हलवू नका, आधी वरून प्लास्टिकची पिशवी चढवा, खालून बांधा, मग चाबूक कापून सगळं बेट मुळासकट काढा आणि जाळा. अशा फडाचा खोडवा धरू नये, आणि त्याचं बेणं शेजाऱ्यालाही देऊ नये.