जुन्या वाड्याला सिमेंट लावण्याआधी

"बाई, हे सारं खरवडून टाकू अन् सिमेंटचा गिलावा मारू. वीस वर्षं पाहाचं काम नाही." मिस्त्री आला की हे वाक्य ठरलेलं असतं. मातीच्या भिंतींच्या जुन्या घराचं नुकसान इथूनच सुरू होतं. म्हणून त्याला होकार देण्याआधी हे वाचा.

मी सिव्हिलची डिप्लोमाधारक आहे. माझं सासर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं. वाड्याचं जोतं काळ्या दगडाचं, भिंती गाऱ्यात, म्हणजे कालवलेल्या मातीत, रचलेल्या विटांच्या, ओसरीला सागवानी खांब आणि वर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. पॉलिटेक्निकमध्ये काँक्रीट शिकवलं, जुन्या भिंतीबद्दल कुणी एक ओळ सांगितली नाही. ते शिकले दोन ठिकाणांहून. एक, सासूबाईंच्या पोतेऱ्यातून, म्हणजे भिंतीला पातळ मातीचा हात देण्यातून. दुसरं, अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या पुस्तिकांमधून. तिकडे ऐतिहासिक इमारतींच्या जतनाचं काम ही सरकारी संस्था पाहते आणि दुरुस्तीच्या पुस्तिका इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवते. दुसऱ्या क्रमांकाची पुस्तिका विटा-दगडांच्या दर्जा, म्हणजे त्यांच्यामधल्या सांधी, भरण्यावर आहे, पाचवी मातीच्या घरांवर, नववी लाकडी खिडक्यांवर. त्यांची घरं वेगळी, हवा वेगळी. पण पाणी, चुना, माती आणि लाकूड तिथे जसं वागतं तसंच इथेही वागतं.

त्या सगळ्या वाचनातून मी एक नियम धरून ठेवला आहे: नवं जे लावाल ते जुन्यापेक्षा मऊ असलं पाहिजे.

कारण असं. जुनी भिंत पाणी पिते आणि सोडते. पावसाळ्यात ओल आत जाते, नंतर उन्हात ती गाऱ्याच्या किंवा चुन्याच्या दर्जांमधून बाहेर पडते. दर्जा म्हणजे भिंतीचा फ्यूज. झिजायचं ते दर्जेने झिजावं, वीट शाबूत राहावी, आणि काही वर्षांनी दर्जा पुन्हा भरावी. तिथे सिमेंट भरलं की ओलीची वाट बंद होते. मग ती विटेतून निघते, सोबत क्षार आणते, विटेला लोणा, म्हणजे पांढरा खार, लागतो आणि विटेचा चेहरा पापुद्र्यांनी गळतो. सिमेंटची दर्जा मात्र तशीच उभी, आणि तिच्या मागची वीट पोकळ. आमच्याच गल्लीत अशी एक भिंत आहे. बोटाने दाबलं की लाल भुगा हातात येतो.

अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात रांचोस दे ताओस नावाच्या गावी मातीचं जुनं चर्च आहे, उन्हात वाळवलेल्या विटांचं. दरवर्षी माती लिंपण्याचा त्रास नको म्हणून 1967 मध्ये त्याला कडक सिमेंटचा गिलावा केला. ओल आत कोंडली आणि आतल्या विटा विरघळू लागल्या. 1979 मध्ये गावाने तो गिलावा काढून पुन्हा माती लावली. तेव्हापासून गावकरी उन्हाळ्यात एकत्र येऊन भिंती लिंपतात. बारा वर्षांत त्यांना जे कळलं ते आपल्याला वाचून कळू शकतं. लांब जायचं नसेल तर सेवाग्रामला जा. 1936 साली बांधलेलं आदी निवास बघा, बापू कुटी बघा. माती, बांबू, कवेलू. भिंतीला हात लावून बघता येणार नाही, पण जवळून नीट बघा, कुठे कशी लिंपली आहे ते.

आधी कागद, मग थापी

काम सुरू करण्याआधी घराची नोंद करा. 1933 साली, मंदीच्या दिवसांत, अमेरिकेच्या सरकारने बेकार झालेल्या वास्तुविशारदांना जुन्या इमारती मोजून त्यांचे नकाशे काढण्याच्या कामाला लावलं. ते नकाशे आज तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथालयात आहेत आणि घरबसल्या बघता येतात. त्यातले काही बघाच. दाराच्या एका पट्टीचीसुद्धा माप घेऊन काढलेली आकृती सापडते.

आपल्याला इतकं नको. आलेखाची वही, टेप आणि मोबाइल पुरे. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. जुनी खोली काटकोनात नसते, ते कर्णावरून कळतं. फोटो काढताना भिंतीला फूटपट्टी टेकवून ठेवा. कोनाडे, खुंट्या, कडीकोयंडे, चौकटीवरची नक्षी, सगळ्याचे फोटो घ्या. भिंतीला चीर असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहा आणि मिरगापासून दिवाळीपर्यंत लक्ष ठेवा. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे काही चिरा दरवर्षी उघडतात आणि मिटतात. जी चीर नुसती वाढतच जाते, तिच्यासाठी पाया तपासायला जाणकार बोलवा. ती बुजवण्याच्या भानगडीत पडू नका.

घर कशाचं आहे तेही ओळखा. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन नावाचं घर लांबून दगडी दिसतं. प्रत्यक्षात त्या पाइनच्या फळ्या आहेत. दगडाच्या चिऱ्यांसारख्या कडा तासून, ओल्या रंगावर रेती फेकून तो आभास केला आहे. दगड समजून कुणी ती भिंत घासली तर काय उरेल? तुमच्या भिंतीत काय आहे ते असं बघा: दर्जेतून सुपारीएवढा खडा काढा आणि पेल्यातल्या पाण्यात टाका. तासाभरात विरघळून गाळ बसला तर तो गारा आहे. खडा तसाच राहिला आणि नखाने खरवडता आला तर बहुधा चुना. त्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतील. राखाडी आणि नखाला दाद न देणारं असेल तर मधल्या काळात कुणीतरी सिमेंट भरलं आहे.

पाणी

गिलाव्याआधी पाण्याचा बंदोबस्त करा. छपराचं पाणी भिंतीपासून दूर पडतं का? पन्हळी फुटली आहे का? परसातल्या न्हाणीचं पाणी जोत्यात मुरतं का? भिंतीच्या कडेने कुणी सिमेंटचा पट्टा ओतला असेल तर तो काढून टाका. त्याच्या खालची ओल वर येऊ शकत नाही, मग ती भिंतीत चढते. त्याऐवजी भिंतीपासून बाहेर उतार देऊन मुरूम ठोका. पावसाळ्यात एकदा छत्री घेऊन घराभोवती फिरा, पाणी कुठे थांबतं ते तिथेच दिसतं.

वानरांचंही इथेच सांगते. ती छपरावर उड्या मारून कवेलू फोडतात. कवेलू काढून टिन टाकण्याचं आपल्याकडचं खरं कारण तेच आहे. समोरच्या बाजूला कवेलू ठेवा, मागच्या उतारावर हवं तर टिन टाका. पण वासे आणि रिपा हलवू नका, म्हणजे पुढे कधी कवेलू परत बसवता येतील. पडलेल्या घरांचे कवेलू मिळतील तेव्हा घेऊन परसात रचून ठेवा. जुन्या मापाचे नवे मिळणं कठीण आहे. मिरगाआधीची शाकारणी, म्हणजे कवेलू चाळून नीट बसवणं, चुकवू नका. एका फुटक्या कवेलूतून गळणारं पाणी वाशाचं डोकं कुजवतं आणि ते खालून दिसतही नाही.

दर्जा भरणं

चुना घरी भिजवायचा असेल तर वणीकडचा कळीचा, म्हणजे भाजलेला पण न विरलेला, चुना आणा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, कारण पाणी पडलं की तो उकळतो आणि उडतो. मुलांना जवळ येऊ देऊ नका. चुन्यात पाणी ओतायचं नाही, पाण्यात चुना थोडाथोडा टाकायचा. भिजलेला चुना गाळून, वर पाणी ठेवून निदान काही आठवडे मुरू द्या. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली नदीची रेती, इथून सुरुवात करा.

जुनी दर्जा छिन्नी आणि लहान हातोडीने काढा. ग्राइंडर लावू देऊ नका. तो विटेच्या कडा खातो आणि त्या पुन्हा येत नाहीत. दर्जा जितकी रुंद, त्याच्या दोन ते अडीच पट खोल काढायची. म्हणजे अर्ध्या इंचाच्या दर्जेला एक ते सव्वा इंच. मग धूळ झाडा, भिंत ओली करा आणि चुना थरांत दाबून भरा, एकदम नाही. शेवटचा थर विटेच्या पातळीपेक्षा किंचित आत ठेवा, विटेवर चढवू नका. वरून ओली पोती टांगा आणि काही दिवस ती वाळू देऊ नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो. लवकर वाळला तर पीठ होतो. म्हणूनच हे काम एप्रिल-मेमध्ये करू नका. दिवाळी ते महाशिवरात्र हा आपल्याकडचा चांगला काळ.

भिंत गाऱ्याची असेल तर आत गाराच भरा. पावसाचा मारा बसणाऱ्या पश्चिमेच्या बाजूला फक्त वरवरची दर्जा चुन्याची चालते.

माती लिंपणं

पांढरी माती चाळून घ्या. काळी वापरू नका, वाळताना ती भेगाळते. त्यात गव्हाचं बारीक कुटार, म्हणजे भुसा, आणि शेण घालून, पाणी मारून आठवडाभर कुजू द्या आणि पायाने तुडवा. मग भिंतीच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढे तीन-चार ठिपके वेगवेगळ्या प्रमाणांचे लावा. वाळल्यावर ज्याला भेग नाही आणि जो बोटाने घासून सहज गळत नाही, तोच मसाला मोठ्या भिंतीला. सासूबाई हे प्रमाण मुठीने ठरवतात. मुठीत दाबून सोडल्यावर बोटांचे ठसे राहिले पाहिजेत आणि कडा फाटायला नको. मी त्यांच्या मुठीतला गोळा मोजून वहीत लिहून ठेवला, पण ठिपक्याची परीक्षा तरीही घेते, कारण माती दर खाणीला वेगळी असते.

वरून ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट नको. चुन्याची सफेदी किंवा पोतेरा.

लाकूड

सागवानी खांब काळा दिसला म्हणून कुजला असं समजू नका. त्या नवव्या पुस्तिकेतली परीक्षा सोपी आहे: ओल्या लाकडात टोच्या खुपसून तिरका वर उचला. लांब, धाग्यांची ढलपी निघाली तर लाकूड चांगलं आहे. तुकडा आखूड, ओबडधोबड तुटला तर कुजलं आहे. खिडकीच्या चौकटीचा खालचा आडवा भाग आणि खांबाचा बुंधा या दोन जागा आधी तपासा. उधईचे मातीचे रस्तेही तिथेच दिसतात.

कुजलेला भागच कापायचा, अख्खा खांब नाही. आधी वरच्या तुळईला टेकू द्या, हे काम अनुभवी सुताराशिवाय करू नका. मग बुंधा कापून जुन्याच सागाचा तुकडा अर्धा-अर्धा सांधा करून बसवा. दगडी तळखडा हलवू नका, लाकूड जमिनीपासून उंच ठेवणारं तेच आहे. नव्या तुकड्याला जुन्यासारखा रंग फासून लपवण्याची गरज नाही. अमेरिकेच्या सरकारी निकषांतही हेच आहे: बदलण्यापेक्षा दुरुस्त करा, आणि नवं काम ओळखू येऊ द्या. मी नव्या तुकड्याच्या मागच्या बाजूला दुरुस्तीचं वर्ष कोरून घेते.

खांबांवर, चौकटींवर जुन्या खुणा असतील तर पॉलिशच्या उत्साहात घासू नका. दक्षिण कॅरोलायनातलं ड्रेटन हॉल हे अठराव्या शतकातलं घर 1974 मध्ये जतनासाठी घेतलं, तेव्हा ते नवं करायचं नाही, जसं आलं तसं टिकवायचं असं ठरलं. आजही त्या घरात वीज नाही, नळ नाहीत, आणि लाकडावर घरातल्या मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत. आपल्याला राहायचं आहे, वीज हवीच. पण वायरी भिंत खोदून नका नेऊ, वरून पट्टीतून न्या. संडास-बाथरूम परसात वेगळं बांधा, जुन्या भिंतीला जोडू नका.

माणसं

हे सगळं करायला हात हवेत, आणि ते कमी होत चालले आहेत याची मला खरी काळजी आहे. न्यू मेक्सिकोत मातीचा गिलावा परंपरेने बायकांचं काम. आपल्याकडे पोतेरा आणि सारवणही बायकांचंच. पण वाड्याच्या कामात मिस्त्रीला मिस्त्रीची मजुरी आणि लिंपणाऱ्या बाईला निंदणाऱ्या मजुरणीची, असा हिशोब होतो. तो बदला. ज्या बाईच्या हाताला माती कळते तिला मिस्त्रीइतकी मजुरी द्या आणि तिच्यासोबत दोन तरुण मुली कामावर घ्या. कापूस वेचणी सुरू झाली की कुणी सापडत नाही, तेव्हा पोळ्यालाच बोलून ठेवा आणि थोडा इसार द्या. चुना भिजवायलाही तोच मुहूर्त धरा, म्हणजे दिवाळी उरकेपर्यंत तो मुरलेला असतो.