सोलापुरात राहून कॉम्पिटिशन लॉचा सेमिनार करायचाय? मग हे वाचा

लॉ कॉलेजात रिसर्च सेमिनारचा विषय निवडायची वेळ आली की बरीच पोरं क्रिमिनल नाहीतर कॉन्स्टिट्यूशन उचलतात, आणि कॉम्पिटिशन लॉचं (कंपन्यांनी, व्यापाऱ्यांनी संगनमत करू नये, बाजारात दादागिरी करू नये यासाठीचा कायदा) नाव काढलं की "ते दिल्ली-मुंबईच्या मोठ्या फर्मवाल्यांचं काम, आपल्याला काय करायचंय बे" असं ऐकायला मिळतं. मी तोच विषय घेतला, पूर्ण केला, आणि आता ज्युनियर विचारतात म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय. माझं स्पष्ट मत आहे की हा विषय बाजाराच्या गावात फार चांगला शिकता येतो आणि सोलापूर हे पक्कं बाजाराचं गाव आहे. फक्त दोन गोष्टी पाळा, प्रश्न आपल्या ओळखीच्या बाजारातून घ्या आणि गाईडची पुस्तकं बाजूला ठेवून आधी मूळ ऑर्डर वाचा.

इतिहास एका संध्याकाळीत होतो, त्यात अडकू नका. आधी मक्तेदारीला आळा घालणारा १९६९ चा एमआरटीपी कायदा होता, मग नवा कायदा सुचवणारी राघवन समिती, मग २००२ चा स्पर्धा कायदा. कायदा २००२ चा असला तरी कलम ३ आणि ४ लागू झाली २० मे २००९ ला, कारण मधे या कायद्याखालच्या स्पर्धा आयोगाच्या रचनेवरच सुप्रीम कोर्टात वाद गेला आणि २००७ मध्ये दुरुस्ती करावी लागली. कलम ३ म्हणजे संगनमताचे करार, कलम ४ म्हणजे बाजारातल्या दादागिरीचा गैरवापर, ५ आणि ६ म्हणजे मर्जर (कंपन्यांचं एकत्रीकरण) वगैरे. तक्रार आयोगाकडे म्हणजे सीसीआयकडे, प्रथमदर्शनी काही दिसलं तर कलम २६(१) खाली डीजीकडे (तपास करणारे महासंचालक) तपास, मग सुनावणी, ऑर्डर, अपील एनसीएलएटीत (कंपनी कायद्याचं अपील न्यायाधिकरण), तिथून सुप्रीम कोर्ट. एवढं डोक्यात बसलं की कामाला लागायचं.

माझा प्रश्न होता, सगळ्यांनी एकच भाव दिला म्हणजे संगनमत झालं का? हा प्रश्न सुचला हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डात. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढली की तिथं सकाळी सौदे बघायला उभं राहा, एकापाठोपाठ एक ढिगाला जवळजवळ सारखाच भाव निघतो. शेतकरी म्हणतो व्यापारी आतून मिळालेले आहेत, व्यापारी म्हणतो माल तसाच आहे आणि वरचं मार्केटच तेवढं आहे. दोघांचं म्हणणं मनापासूनचं असतं. तिथं संगनमत होतं असं माझं म्हणणं नव्हतं आणि नाही, मला फक्त हे कळून घ्यायचं होतं की कायद्याच्या नजरेनं ते ओळखायचं कसं.

तर यासाठी सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचा, अख्खा विषय उघडतो. पहिला एक्सेल क्रॉप केअर, २०१७ चा. धान्य साठवताना कीड लागू नये म्हणून वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, खरेदीदार फूड कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, आणि २००९ च्या टेंडरला तीन कंपन्यांनी बंद पाकिटात रुपयाचाही फरक नसलेला दर भरला, ३८८ रुपये. तिघांचा उत्पादन खर्च वेगळा, कारखाने वेगळ्या ठिकाणी, तरी आकडा तोच, आणि असं आधीही होत आलेलं. कोर्टानं संगनमत मान्य केलं. दुसरा राजस्थान सिलिंडर्स, २०१८ चा. इथं १४.२ किलोचे गॅस सिलिंडर, खरेदीदार इंडियन ऑइल, दर पुन्हा सारखे, वर टेंडरच्या तोंडावर मुंबईतल्या हॉटेलात कंपन्यांची बैठकही झालेली. वाचताना वाटतं की आता तर गेलेच. पण कोर्टानं सोडून दिलं, कारण देशात हा माल घेणारे म्हणजे तीन सरकारी तेल कंपन्या, भाव खरा त्यांच्या हातात, माल एकसारखा, सगळ्यांना आधीचे दर माहीत, मग भाव जवळ येणारच.

म्हणजे नुसता सारखा भाव हा पुरावा नाही, तो भाव संगनमत न करता निघू शकला असता का हे बघायचं. मला वाटतं राजस्थान सिलिंडर्समध्ये कोर्टानं बैठकीला फारच कमी वजन दिलं, आणि हे मी पेपरात तसंच लिहिलं. सेमिनारमध्ये मॅडमनी त्यावर पाऊण तास उलटतपासणी घेतली, पण तुमचं मत असलं पाहिजे, नुसता केसचा सारांश कुणाला नको असतो.

मग परत यार्डात आलो तेव्हा फरक दिसला. बंद पाकिटात सारखा आकडा आला तर संशय घ्यायला जागा आहे, पण उघड लिलावात प्रत्येकाला दुसऱ्याची बोली ऐकू येते म्हणून भाव आपोआप जवळ येतात. आणि त्याच उघडपणाची दुसरी बाजू अशी की खरंच कुणी आपसात ठरवलं असेल तर ठरावाबाहेर कोण गेला हे सगळ्यांना लगेच कळतं, त्यामुळे संगनमत टिकवणं सोपं होतं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, पेपरचा जीव इथंच होता. कांद्याच्या बाजारावर सीसीआयनं बेंगळुरूच्या एका संस्थेकडून अभ्यासही करून घेतलाय, २०१२ चा आहे, तो नक्की वाचा.

इकॉनॉमिक्सला घाबरणारे खूप असतात. सुरुवातीला रेलेव्हंट मार्केट, म्हणजे कुठला माल कुठल्या मालाशी खरी स्पर्धा करतो त्याची हद्द, नीट समजलं तरी पुष्कळ आहे, त्यासाठी चादरीवर सराव करा. समजा सोलापुरी चादरीचा भाव पाच-दहा टक्क्यांनी वाढला आणि वाढूनच राहिला, तर गिऱ्हाईक पानिपतच्या ब्लँकेटकडे जाईल का? बरेच जात असतील तर दोन्ही एकाच बाजारात धरावे लागतील, मग सोलापूरचा कितीही मोठा कारखानदार त्या बाजारात छोटाच ठरतो. जात नसतील तर चादरीचा बाजार वेगळा आणि तोच माणूस दादा. जीआय टॅग (त्या गावच्या मालाची कायदेशीर ओळख) आहे म्हणून बाजार आपोआप वेगळा होत नाही हे लक्षात ठेवा, माझ्या बॅचमध्ये यावर जोरदार भांडणं झाली. चाटी गल्लीत जाऊन दुकानदारांना हा प्रश्न विचारा, फॉर्म घेऊन जाऊ नका, गिऱ्हाईक काय घेतं आणि काय परत ठेवतं एवढं विचारा, भरभरून बोलतात.

दंडाच्या भागात कायदा बदललाय, जुन्या नोट्सवर जाऊ नका. एक्सेल क्रॉप केअरमध्येच ठरलं की दंड त्या मालाच्या उलाढालीवर मोजायचा, त्यामुळे एका कंपनीचा २५२ कोटींचा दंड ७ कोटींच्या खाली आला. २०२३ च्या दुरुस्तीनं दंडाची कमाल मर्यादा कंपनीच्या जगभरातल्या सगळ्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत नेली, आणि सीसीआयच्या २०२४ च्या गाईडलाइन्सप्रमाणे सुरुवातीची रक्कम संबंधित मालाच्या उलाढालीच्या तीस टक्क्यांपर्यंत धरता येते, तिथून पुढचा हिशोब होतो. हा बदल बरोबर की अति, यावर एक पूर्ण सेमिनार पेपर होऊ शकतो.

ऑर्डर कशी वाचायची तर सीसीआयच्या साइटवरून उतरवून घ्या, आधी तक्रार काय होती ते वाचा, मग डीजीनं काय शोधलं, मग शेवट न बघता स्वतः एक पान निकाल लिहा आणि नंतर आयोगाचा वाचा. वेळ जातो, पण असं केल्याशिवाय पुराव्याचं वजन करता येत नाही. आयोगाच्या एखाद्या सदस्याची मतभेदाची ऑर्डर असेल तर ती आधी वाचली तरी चालेल.

करिअरचं विचाराल तर मुख्य कामं दिल्ली-मुंबईतच आहेत, त्यासाठी बाहेर पडावं लागेल. सीसीआयची इंटर्नशिप असते, अर्जासोबत सेमिनारचा पेपर दाखवता आला तर फायदा होतो. पण इथंही काम आहे. टेंडर भरणारे, औषधांचे स्टॉकिस्ट, ट्रान्सपोर्टवाले, असोसिएशनचे पदाधिकारी यांच्यातल्या कित्येकांना माहीतच नसतं की मीटिंगमध्ये दर ठरवून सर्क्युलर काढलं की कलम ३ लागू शकतं. केमिस्ट असोसिएशनच्या एनओसीशिवाय (ना-हरकत पत्राशिवाय) स्टॉकिस्ट नेमू न देण्यावरून आयोगानं बऱ्याच ऑर्डरी दिल्यात, त्यातली कुठलीही पहिली ऑर्डर म्हणून घ्या, भाषा सोपी आहे. आणि तक्रार करायला स्वतःचं नुकसान झालेलं असायलाच हवं असं नाही, सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये ओला-उबरच्या केसमध्ये ते स्पष्ट केलंय, मात्र आता तक्रारीचं कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत यावं लागतं.

विषय अजून ठरला नसेल तर सूत, साखर कारखान्यांचं इथेनॉल टेंडर, नाहीतर ट्रकवाल्यांचे भाडेदर, यातलं घरात किंवा गल्लीत ज्याची चर्चा ऐकलीय ते घ्या आणि पहिल्या महिन्यात प्रश्न एका वाक्यात लिहून आपल्या मार्गदर्शक सरांना-मॅडमना दाखवा.