बटाटा काढायची तयारी: आधी टोळी, मग पाला

मंचर-खेडकडं ज्यांचा रब्बीचा बटाटा आता पंच्याहत्तर दिवसांचा झालाय त्यांच्यासाठी लिहितोय, कारण गेल्या साली मी घोळ घातला आणि अर्धी अरण, म्हणजे साठवलेला बटाट्याचा ढीग, अळीनं खाल्ली.

बारदान, ताडपत्री, गाडी हे सगळ्यांना माहितीय, त्यावर वेळ घालवत नाही.

मजुरांची टोळी पक्की झाल्याशिवाय पाला कापू नका. मी कापला, मुकादम म्हणाला येतो चार दिवसांत, आणि टोळी गेली कांद्याला. पाला कापल्यावर साल पक्की व्हायला १०-१५ दिवस लागतात, तेवढे ठीक, माझा बटाटा २४ दिवस जमिनीत राहिला, वर ऊन तापायला लागलेलं. पाला असतो तोवर पाकोळी, म्हणजे या अळीचा पतंग, पानांवर अंडी घालते, पाला गेला की तिला खाली बटाटाच उरतो, अन् काळ्या रानाला भेगा पडल्या की थेट बटाट्याच्या डोळ्यापर्यंत वाट मोकळी. म्हणून मुकादमाला इसार द्या, तारीख घ्या, त्या तारखेपासून १२ दिवस मागं मोजा आणि त्या दिवशी विळा लावा. तोंडी शब्दावर कापू नका, परत सांगतो, इसार दिल्याशिवाय नाही.

पाणी काढणीच्या ८-१० दिवस आधी तोडायचं. मातीची भर नीट लागलीय का ते वरंब्यावरून चालत बघा, उघडा बटाटा दिसला की माती ओढा, भेगा खुरप्यानं बुजवा. टोळी लांबलीच तर हलकं पाणी देऊन भेगा मिटतात, पण मग वाफसा यायची, म्हणजे रान कामापुरतं सुकायची, वाट बघा, काढणी अजून पुढं. म्हणून म्हणतो, आधी टोळी!

अंगठ्यानं साल घासून बघा, सुटली तर थांबा, नाही सुटली तर काढा. पुखराज जातीचा बटाटा लवकर येतो, ज्योती जातीला जास्त दिवस लागतात, दोन्ही एका दिवशी काढायचा हट्ट नको. फेब्रुवारीत उरकलं तर बरं, मार्चच्या उन्हात पाकोळी वाढतच जाते.

सातगाव पठारावर खरिपाचा बटाटा असेल तर पाकोळीपेक्षा जमिनीतल्या हुमणी अळीचं बघा, ती मोठी झाली की बटाट्याला खड्डे पाडते, तयार माल एक दिवसही जास्त ठेवू नका. टोळीचं तिथंही तेच.

काढलेला माल रात्री रानात उघडा नको, पाकोळी संध्याकाळनंतरच फिरते. ढीग पाल्यानं झाकू नका, पाला सुकला की त्यातली अळी बटाट्यात उतरते, ताडपत्री किंवा बारदान टाका. डोळ्याशी काळी विष्ठा दिसली की तो बटाटा बाजूला, अरणीत नाही. कापलेला पाला आणि फुटका माल रानात सोडू नका. मुकादमाला आज फोन करा.